पेपर तपासणाऱ्याचं देणं

18 एप्रिल 2024 रोजी कर्नाटकात सीईटीचा जीवशास्त्राचा पेपर झाला. 60 प्रश्न, 60 गुण, 80 मिनिटं. मुलं परीक्षा केंद्राबाहेर आली ती गोंधळलेल्या चेहऱ्यांनी. जे धडे पुस्तकातून काढून टाकले होते, वर्गात शिकवलेच नव्हते, त्यांवरही प्रश्न आले होते. दुसऱ्या दिवशी भौतिक आणि रसायनशास्त्रातही तेच घडलं. बरीच ओरड झाल्यावर बंगळूरच्या परीक्षा प्राधिकरणाने चार विषयांच्या 240 प्रश्नांपैकी 50 प्रश्न मूल्यमापनातून वगळले. त्यातले 11 जीवशास्त्राचे होते.

प्रश्न वगळले म्हणजे अन्याय मिटला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला वाटलं नाही. एका प्रश्नाला 80 सेकंद धरले, तर 11 प्रश्नांना जवळपास पंधरा मिनिटं होतात. प्रामाणिक मूल या प्रश्नांशीच जास्त झटापट करतं, कारण आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं असं त्याला वाटतं. त्या नादात येत असलेले चार प्रश्न घाईत चुकतात. प्रश्न रद्द करता येतात, पण मुलाची गेलेली पंधरा मिनिटं कोणत्याही परिपत्रकाने परत येत नाहीत.

मी बंगळुरात पीयूच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचं तर पीयू म्हणजे अकरावी-बारावी. गुण देण्याच्या अधिकाराबरोबर शिक्षकावर आणि मंडळावर एक देणं येतं, असं मी मानते. मुलाकडून काय हवं आहे ते आधी सांगायचं आणि एकदा सांगितलं की ते पाळायचं. शिवाय जे मागायचं ते त्या विषयाला साजेसं असायला हवं. पहिल्या दोन गोष्टींवरून वर्तमानपत्रांत मथळे येतात. शेवटच्या गोष्टीबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

त्याच वर्षीची दहावीची परीक्षा आठवा. एसएसएलसीच्या केंद्रांवर वेबकास्टिंग सुरू झालं, कॅमेऱ्यांखाली कॉपीला आळा बसला आणि निकाल घसरला. तेव्हा मंडळाने वाढीव गुणांसाठीची पात्रता 35 टक्क्यांवरून 25 वर आणली आणि ग्रेस गुण 10 टक्क्यांवरून 20 टक्के केले. एवढं करून निकाल लागला 73.40 टक्के. त्यावर मुख्यमंत्र्यांनीच नाराजी व्यक्त केली आणि पुढच्या वर्षी ही सवलत गेली. 2025 च्या पहिल्या परीक्षेचा निकाल 62.34 टक्क्यांवर आला. मुलांबद्दलची कळकळ मी समजू शकते. पण पेपर लिहून झाल्यावर मापच बदललं, तर स्वतःच्या बळावर 36 गुण मिळवलेल्या मुलीला आपण काय सांगितलं? याउलट 2025 च्या ऑक्टोबरात उत्तीर्णतेची एकूण मर्यादा 35 वरून 33 टक्के केल्याचं जाहीर झालं, तेव्हा ‘दर्जा घसरला’ म्हणून बराच गहजब झाला. माझी त्याला हरकत नाही. परीक्षेआधी सांगितलं, सगळ्यांना सारखं लागू केलं. दोन टक्क्यांनी विषयाचा दर्जा जात नाही. तो कुठे जातो हे पाहायचं तर प्रयोगशाळेत यावं लागेल.

परागकणांच्या अंकुरणाचा प्रयोग बारावीला असतो. आम्ही सदाफुली वापरतो, कारण ती कुंपणाला बारमाही फुललेली असते. 10 टक्के साखरेचं पाणी, त्यात किंचित बोरिक अ‍ॅसिड. काचपट्टीवर थेंब घ्यायचा, त्यात परागकण झटकायचे आणि अर्धा तास थांबायचं. मग मायक्रोस्कोपखाली काही कणांतून बारीक, पारदर्शक नळी बाहेर आलेली दिसते. काहींतून येत नाही. कधीकधी बहुतेकांतून येत नाही.

एकदा दोन मुली शेजारी बसल्या होत्या. एकीने जर्नलमध्ये सुबक आकृती काढली. गोल परागकण, लांब परागनलिका, आत केंद्रकं, प्रत्येकाला पट्टीने ओढलेली रेघ आणि नाव. दुसरीच्या पानावर वेडेवाकडे आठ गोल होते. त्यातल्या दोनच गोलांना नळी, तीही आखूड. खाली लिहिलं होतं, ‘बाकीचे उगवले नाहीत. फूल कालचं असावं किंवा वेळ कमी पडला असावा.’ मी दोघींच्या स्लाइड पाहिल्या. दोन्हीकडे साधारण सारखंच दिसत होतं. रंग न चढवलेल्या त्या स्लाइडवर आमच्या मायक्रोस्कोपमधून केंद्रकं दिसतच नाहीत. पहिलीने ती पुस्तकातून काढली होती.

रूढ पद्धतीने तपासलं तर पहिलीला पूर्ण गुण जातात. आकृती स्वच्छ आहे, नावं बरोबर आहेत. दुसरीचे ‘अपूर्ण आकृती’ म्हणून कापले जातात. म्हणजे जीवशास्त्राच्या परीक्षेत, जिने जीव पाहिला तिचे गुण कमी आणि जिने पाहिलाच नाही तिचे जास्त. पहिली मुलगी लबाड नव्हती. दहा वर्षं आपण तिला हेच शिकवलं की पुस्तकात आहे ते बरोबर आणि डोळ्यांना दिसतं ते चुकलेलं. ती आज्ञाधारक होती.

याची मुळं बाहेरही आहेत. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. वैद्यकीयचं दार त्याच्यावर उघडतं, म्हणून पुस्तकातली ओळन् ओळ पाठ करणं हा तर्कशुद्ध निर्णय ठरतो. मुलांना किंवा पालकांना मी त्याबद्दल बोल लावणार नाही. पण बारावीचे प्रॅक्टिकलचे 30 गुण (महाराष्ट्रातही 70-30 हीच वाटणी आहे) नीटच्या तावडीत नाहीत. ते आपल्या हातातले आहेत. आणि तेच आपण जवळजवळ सगळ्यांना सरसकट वाटून टाकतो. त्यामुळे त्या गुणांना कोणी काही विचारत नाही आणि ते कोणाला काही सांगतही नाहीत.

अभ्यासक्रम कापताना काय गेलं तेही पाहू. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून पर्यावरणाच्या समस्यांवरचा अख्खा धडा गेला, अन्नोत्पादनवाढीवरचा गेला. अकरावीतून वनस्पतींमधलं वहन गेलं, खनिज पोषण गेलं, पचनही गेलं. पर्यावरणाच्या त्या धड्यात सांडपाण्याने तलावाचं काय होतं याचं विवेचन होतं. आमच्या वर्गातली काही मुलं बेलंदूर तलावाच्या काठाने कॉलेजला येतात. त्या तलावाचा फेस वाऱ्याने रस्त्यावर येतो, 2017 आणि 2018 मध्ये तिथे आगी लागल्या होत्या. शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी, साबणांतले फेस आणणारे पदार्थ, फॉस्फेटवर माजलेली जलपर्णी, तिच्याखाली पाण्यातला कमी होणारा ऑक्सिजन. यातला प्रत्येक दुवा जीवशास्त्राचा आहे. ‘बेलंदूरला फेस का येतो आणि त्या पाण्यात मासा का जगत नाही?’ एवढा एक प्रश्न दहा गुणांना विचारला, तर कुणाला विषय कळला हे लगेच समजेल. पाठांतराने त्याचं उत्तर येत नाही, आणि गुगलवरून उतरवलं तरी दुसऱ्याच वाक्याला पकडता येतं.

पालक मला विचारतात, ‘मॅडम, याचा नीटला काय उपयोग?’ मी खरं ते सांगते, थेट उपयोग नाही. मग त्यांना विचारते, तुमच्या मुलाला ताप आला आणि मलेरियासाठी रक्त तपासायला दिलं, तर स्लाइड पाहणारा माणूस कसा हवा? पुस्तकात असतं ते लिहिणारा की समोर दिसतं ते लिहिणारा? नीट देऊन पुढे जाणाऱ्यांतलाच कुणीतरी तिथे बसणार आहे.

सगळं मंडळावर ढकलून शिक्षकाची सुटका होत नाही. वर्षभरातल्या वर्गपरीक्षा आम्हीच घेतो. मी सत्राच्या पहिल्या आठवड्यात गुणांची वाटणी फळ्यावर लिहून देते. प्रयोगाच्या पाच गुणांपैकी दोन स्वतःच्या स्लाइडवर दिसलं त्याच्या आकृतीला, दोन ते तसं का दिसलं याच्या कारणाला, एक टापटिपीला. आकृती तपासताना स्लाइड मायक्रोस्कोपखाली असलीच पाहिजे. शेजारच्या दोघांच्या निरीक्षणांत फरक पडला तर दोघांनीही नवं फूल आणून प्रयोग पुन्हा करायचा, गुण कापायचे नाहीत. वीस मुलांच्या तुकडीला हे दोन तासांत जमतं. चाळीसच्या तुकडीला जमत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तुकड्या लहान हव्यात आणि त्यासाठी जादा शिक्षक हवेत. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने जर्नलवर सह्या करत बसण्याऐवजी कोणत्याही पाच मुलांना नव्याने स्लाइड लावायला सांगितलं, तर त्या 30 गुणांना पुढच्याच वर्षी अर्थ येईल. यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, नवी परीक्षाही लागत नाही. एक परिपत्रक पुरेसं आहे, फक्त ते जूनमध्ये निघायला हवं, मार्चमध्ये नाही.