काचेला दोष देऊ नका

डेक्कन एक्सप्रेसच्या विस्टाडोम डब्यातून खंडाळ्याचा घाट पाहून आलात आणि वहीत काय लिहिलंत? ‘काचेमुळे फोटो बिघडले.’ सगळ्यांचं एकच उत्तर! मला ते अजिबात मान्य नाही. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, दुहेरी काचेला चार पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. हे फळ्यावर लिहून दिलं होतं. हा परत फिरणारा उजेड कुठला? तुमच्या पाठीमागचा. डब्यातल्या दिव्यांचा, तुमच्या कपड्यांचा.

हा फोटो बघ, तुझाच आहे. धबधबा पांढराशुभ्र आलाय. पण शेजारच्या ओल्या काळ्या कातळावर काय दिसतंय? पिवळ्या शर्टाची बाही, वर दिव्यांची रांग आणि फोन धरलेली बोटं. धबधब्यावर ती का नाहीत? कारण तिथे बाहेरचा उजेडच इतका आहे, की आतला त्यात बुडून जातो. कातळ काळा, म्हणून त्यावर तू उमटलास. गाडी बोगद्यात शिरली की खिडकीत आपलंच तोंड दिसतं. बोगदा संपला म्हणून ते प्रतिबिंब काही निघून जात नाही रे, तिथेच असतं. कर्जत ते लोणावळा प्रत्येक बोगद्यानं तुम्हाला हे दाखवलं, आणि नेमके तेव्हाच तुम्ही फोन खाली ठेवून गप्पा मारत होतात.

गडद कपडे घाला म्हटलं होतं, किती जणांनी घातले? लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला टेकवायचा. हूड नसेल तर काळी ओढणी गुंडाळा, तीही नसेल तर तळहाताचा आडोसा करा. मात्र टेकवायचा म्हणजे दाबायचा नाही, नाहीतर डब्याची सगळी थरथर कॅमेऱ्यात उतरते. आणि फ्लॅश कशासाठी मारलात? तो दरीपर्यंत पोचणार आहे का? काचेवर आपटून तो परत तुमच्याच लेन्समध्ये शिरला.

ज्यांनी उसना पोलरायझर नेला, त्यांनी तो काचेच्या अगदी समोर धरून गोल गोल फिरवला. समोरून तो प्रतिबिंब कापत नाही. काचेच्या लंबापासून साधारण ५६ अंश तिरकं पाहिलं, तर तो खरा कामाला येतो. समोरून तो नुसता उजेड खातो, शटर मंदावतं आणि रुळांलगतची झाडं फरफटत येतात. पण पोलरायझर नसताना तिरके फोटो काढू नका, जाड काचेतून डोंगराची कड दुहेरी येते.

पावसाचे थेंब लख्ख आणि डोंगर धुरकट, असे फोटो तर ढिगानं आहेत. लांबच्या कड्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करायला कितीसा वेळ लागतो? कॅमेरेवाल्यांनी फोकस हातानं करायचा, अ‍ॅपर्चर एफ/४ च्या आसपास उघडं ठेवायचं. तुम्ही एफ/१६ लावलंत, म्हणून काचेवरचा डाग न् डाग उठून आला.

मला राग फोटो बिघडल्याचा नाही, पोरांनो. पहिला बिघडतोच. पण तुमच्यापैकी एकानंही पहिला फोटो मोठा करून पाहिला नाही. पाहिला असता तर दुसऱ्याच फोटोला बाही सावरली असती. १८६३ पासून या घाटातून गाड्या धावताहेत. ३७ फुटांना १ फूट असा चढ, गाडी रेटायला मागे जोडलेली इंजिनं, पावसाळ्यातलं ते कोसळणारं पाणी! हे सगळं तुमच्यासमोरून गेलं आणि तुम्ही नुसती बटणं दाबत बसलात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता लगेच पुन्हा गाडीचं तिकीट काढायचं नाही, पैसे घरच्यांचे आहेत. उद्यापासून याच वर्गाच्या बंद खिडकीतून पटांगणातल्या झाडाचा फोटो काढायचा. प्रतिबिंबाचा ठिपकासुद्धा चालणार नाही. वर्गातला एकही दिवा मालवायचा नाही.