वन्स मोअर म्हणणाऱ्या बायका

६ जून २०११ ला स्टार प्लसवर रात्री आठच्या ठोक्याला 'इस प्यार को क्या नाम दूँ' ही मालिका सुरू झाली. गोष्टीत नवं काही नव्हतं. लखनौची देवभोळी, तोंडाला खीळ नसलेली खुशी कुमारी गुप्ता आणि दिल्लीचा गडगंज, देव न मानणारा, माणसांना तोडून बोलणारा अर्नव सिंह रायजादा. ती चुकून त्याच्या फॅशन शोच्या रँपवर येते, तोल जातो, तो झेलतो. पुढचं कुणीही सांगेल. अर्नवची 'हॅलो हाय बाय बाय' करणारी मामी आपल्या उत्कर्षा नाईक यांनी झोकात रंगवली होती, एवढी मराठी नोंद इथेच करून टाकते. ३० नोव्हेंबर २०१२ ला, चारशे भागांच्या थोडं अलीकडेच, मालिका संपली. आपल्याकडे सुना म्हाताऱ्या होईपर्यंत मालिका चालतात. त्या हिशेबाने ही अल्पायुषीच. पण अर्नव झालेल्या बरुण सोबतीवर जीव टाकणाऱ्यांचा जो गोतावळा त्या दीड वर्षात इंटरनेटवर जमला, तो अजून पांगलेला नाही. त्यात बहुतेक बायका. काहींची मुलं तेव्हा बालवाडीत होती, ती आता कॉलेजात जातात.

याकडे पाहायची आपली रीत ठरलेली आहे. घरातले हसतात, शहाणे कीव करतात. जरा वाचलेला माणूस असेल तर १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडलेली कल्पना सांगतो : पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं प्रेक्षकाला वाटायला लागतं आणि एकतर्फी जवळीक तयार होते. कल्पना खोटी नाही. पण तिच्यातला प्रेक्षक एकटा आहे. दिवाणखान्यात दिवा मालवून पेटीसमोर बसलेला एक जीव आणि पेटीतला एक चेहरा, एवढंच त्या चित्रात आहे. मी ज्या बायकांबद्दल बोलते आहे त्या एकट्याने पाहतच नाहीत. पाहिलेलं दुसरीला सांगितल्याशिवाय त्यांचं पाहणं पुरं होत नाही.

हे आपल्याला परकं असायचं कारण नाही. बालगंधर्वांच्या नाटकाला जाणारा प्रेक्षक तरी दुसरं काय करत होता? एकाच पदाला वन्स मोअर, पुन्हा वन्स मोअर, नाटक पहाटेपर्यंत. त्यांची नऊवारी नेसायची आणि गजरा माळायची तऱ्हा घरंदाज बायकांनी उचलली, हे तर इतिहासातच जमा आहे. वन्स मोअर एकट्याने मागता येत नाही. मागून कुणीतरी साद द्यावी लागते, मग थिएटर उठतं. आणि दुसऱ्यांदा गायलेलं पद ऐकताना माणूस गोष्ट ऐकत नसतो. आधी निसटलेली जागा आता तरी पकडता येते का, हे पाहत असतो. बरुण सोबतीच्या चाहत्या तेच करतात. फरक इतकाच की आता नटाला दमायचं कारण उरलं नाही. चित्रफीत मागे घेता येते.

माझी मावसबहीण नाशिकला बँकेत आहे. तिच्या लॅपटॉपवर या मालिकेतल्या दिवाळीच्या रात्रीचा प्रसंग वेगळा काढून ठेवलेला आहे. अर्नव आणि खुशी एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि अलीकडेच थांबतात. काही मिनिटांचा मामला. मला तो पहिल्यांदा नेहमीच्या मालिकेसारखाच वाटला : वारा, पणत्या, मागे 'रब्बा वे'. तिने तो आवाज बंद करून पुन्हा लावला. "आता फक्त त्याचा जबडा बघ," म्हणाली. आवाज नसताना दिसलं की हा नट जवळजवळ काहीच करत नाही. गिळतो, नजर खाली नेतो, परत वर आणतो. समोर खुशी झालेली सनाया इराणी चेहऱ्याने चार गोष्टी करते आहे आणि हा स्वतःला आवरण्याचं काम करतो आहे. मालिकेत डोळे वटारणं, मान झटकणं, तीनदा झूम करणं हा रोजचा रतीब असताना हा माणूस कमी करून दाखवत होता. "हे तुझं तुला दिसलं?" मी विचारलं. "छे. आमच्यात एक आहे, तिने दाखवलं. मग मला सगळीकडे दिसायला लागलं."

मला या सगळ्यात सांगण्याजोगं वाटतं ते हेच. नटावरची एकटीची माया आंधळी असू शकते. ती चारचौघींत आणली की तिला कारणं द्यावी लागतात. 'मला आवडतो' म्हणून चालत नाही. का, कुठे, कोणत्या क्षणाला, हे दाखवावं लागतं, कारण समोरचीलाही तोच आवडतो आणि तिला तुमच्याहून जास्त दिसलेलं असतं. नाट्यसमीक्षक मालिकांकडे ढुंकून पाहत नाहीत. रोज रात्री आठला लाखो घरांत चाललेल्या अभिनयाकडे कुणी बारकाईने पाहिलं असेल तर ते याच बायकांनी.

हे पाहणं कष्टाचं होतं, हेही बाहेरच्यांना दिसत नाही. भाग संपताच कुणीतरी तो प्रसंगवार इंग्रजीत लिहून काढायची, कारण गटात हिंदी न कळणाऱ्याही होत्या. कुणी प्रीकॅपची, म्हणजे उद्याच्या भागाच्या झलकीची, चिरफाड करायची. कुणी चित्रं कापून सिगी बनवायची, म्हणजे आपल्या लिखाणाखाली लावायची पट्टी. कुणी 'सास बहू और साजिश'मधली चित्रीकरणाची दोन मिनिटं मिळवून आणायची. आणि लिहिणाऱ्या लिहीत होत्याच : एफएफ म्हणजे लांबलचक क्रमशः कथा, ओएस म्हणजे एका बैठकीतली गोष्ट. याचे पैसे कुणाला मिळत नव्हते. ही एक भिशीच होती. दर आठवड्याला प्रत्येकीने आपल्या वाट्याचं टाकायचं, आणि ज्या दिवशी ऑफिसात मनाविरुद्ध झालं, सासूबाई दवाखान्यात, मुलाचा निकाल वाईट, त्या दिवशी आपली पाळी समजून उचलायचं. बहिणीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिला फोन मस्कतहून आला होता, तिला कधीही न भेटलेल्या बाईचा. माझा दुसरा होता.

मालिकेच्या लेखकांनी नायकाला मधुमेह दिला होता, हा तपशील मला फार आवडतो. हिंदी मालिकेचा पिळदार नायक आणि साखर वर्ज्य! त्यात नायिका मन बिघडलं की जिलब्या तळायला घेणारी. पुढे नायकाचं अपहरण होतं आणि औषधावाचून त्याची तब्येत ढासळते. तेव्हा गटातल्या एका डॉक्टरबाईंनी त्याच्या इन्सुलिनचा हिशेब कुठे चुकला यावर तावातावाने लिहिलं होतं म्हणे. लेखकांनी एवढा विचार केला नसणार. पण कुणीतरी करत होतं.

याहून अवघड प्रश्न नायकाचाच होता. अर्नवच्या बहिणीच्या नवऱ्याशी खुशीचे संबंध आहेत असा गैरसमज करून घेऊन तो तिला धमकावून सहा महिन्यांच्या लग्नाला भाग पाडतो. तिने ऐकलं नाही तर तिच्या बहिणीचं, पायलचं लग्न मोडायची धमकी. पडद्यावर हे शहनाईच्या सुरांत, देखण्या माणसाने केलं तरी ते जे आहे तेच आहे. मला वाटलं होतं, चाहत्या इथे डोळेझाक करत असतील. काही करतात, 'त्याचं बालपण किती वाईट गेलं' हे पालुपद असतंच. पण जुनं लिखाण चाळताना दिसलं की अर्नवला सर्वांत जास्त फटके त्याच्यावर मरणाऱ्यांनीच दिले आहेत. कितीतरी कथांत खुशी त्या लग्नातून उठून निघून जाते, नोकरी करते, आणि तो माफी मागायला येतो तेव्हा दार लगेच उघडत नाही. वाहिनीने दोन दृश्यांत उरकलेली माफी इथे पंचवीस भाग चालते. त्या नटाच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप कसा दिसेल हे त्यांना माहीत होतं. वाहिनी तो पुरेसा दाखवत नव्हती, म्हणून त्यांनी तो लिहून घेतला.

आपल्या आवडीचं हसं होऊ नये म्हणून बायकांनी वेगळी जागा करणं, हेही २०११ चं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत 'द एक्स-फाइल्स' सुरू झाली. तिच्यावरच्या खुल्या चर्चेत डेव्हिड डुकव्हनीबद्दल बायका मोकळेपणाने बोलल्या की पुरुष टर उडवत. तेव्हा काहींनी आपला बंद दाराचा गट केला आणि त्याला 'डेव्हिड डुकव्हनी एस्ट्रोजेन ब्रिगेड' असं मुद्दाम खट्याळ नाव दिलं. त्यांत शिकलेल्या, नोकरदार बायका पुष्कळ होत्या. रिअॅनन बरी या अभ्यासकबाईंनी पुढे त्यांच्यावर लिहिलं; ते पुस्तक २००५ चं. त्या गटात नटाबद्दल बोलणं होतंच, पण भाषा, विनोद, शुद्धलेखन यांवरही त्या एकमेकींना धारेवर धरत.

इकडे वाहिनीच्या लेखी मात्र यांचं वजन शून्य होतं. टीआरपी मोजायची यंत्रं भारतातल्या निवडक घरांत बसवलेली. मस्कत, टोरांटो, लाहोर किंवा ऑफिसच्या संगणकावर चोरून पाहणारी बाई त्या मोजणीत येतच नव्हती. टीआरपी घसरला की रडायच्या त्या, आणि त्यांच्या रडण्याने तो वाढायचा नाही. बरुण सोबतीने मालिका सोडायचं ठरवलं तेव्हा पत्रं, विनवण्या, सगळं झालं. त्याच्या जागी दुसरा अर्नव आणण्याऐवजी मालिकाच बंद झाली, हा मला त्यांचा एक छोटा विजय वाटतो. बहीण म्हणते, विजय कसला, सुतक होतं. पुढे 'एक जश्न' नावाचे काही छोटे भाग फक्त इंटरनेटवर आले. न मोजलेल्या प्रेक्षकांची वाहिनीला अखेर झालेली ती आठवण. नंतर तुर्कस्तानात कनाल ७ वर मालिका 'बिर गरिप आश्क' या नावाने दाखवली गेली आणि गटात एकदम तुर्की बायका आल्या. ज्यांना अर्नवचा मूळ आवाजही माहीत नव्हता, त्या त्याच्या भुवयांवर बोलू लागल्या.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू टाळता येणार नाही. 'पवित्र रिश्ता'तला मानव देशमुख, चाळीतला गॅरेजवाला, हा सुशांतसिंह राजपूतने २००९ पासून मराठी घराघरांत नेला होता. १४ जून २०२० ला तो गेला. त्यानंतर काही आठवड्यांत चाहत्यांच्या गटांचं जे झालं ते सर्वांनी पाहिलं. चित्र थांबवून, मोठं करून, बारकाईने पाहायची तीच सवय आता मृतदेहाच्या छायाचित्रांवर, फोनच्या नोंदींवर, मैत्रिणीच्या कपड्यांवर वळली. चार जणींना दिसलं की पाचवीला दिसतं, हे अभिनयाच्या बाबतीत खरं होतं. इथेही ते खरं ठरलं, आणि तीच गोम होती. ती मैत्रीण, एक तरुण अभिनेत्री, जवळपास महिनाभर तुरुंगात राहिली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने त्याच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. गटांत कित्येकांना तो अजून मान्य नाही. याचा सगळा दोष वाहिन्यांवर टाकणं सोपं आहे, आणि वाहिन्यांनी तेव्हा लाज सोडली होती हेही खरं. पण दुःखात एकत्र बसलेल्या माणसांना पुरावा मागणारं कुणी आपल्यात उरलं नाही, हेही घडलंच. पडद्यावरच्या माणसाबद्दल 'इथे तो कमी पडला' असं म्हणता येतं. गेलेल्याबद्दल तसं म्हणणारी फितूर ठरते, आणि मतभेद गेला की अशा गटात उरतो तो जमाव.

बरुण सोबतीच्या गटात मतभेद टिकले, याचं थोडं श्रेय त्याच्या पुढच्या वाटचालीलाही द्यायला हवं. तो अर्नवच राहिला असता तर चाहत्याही तिथेच थिजल्या असत्या. २०२० मध्ये 'असुर' आली, २०२३ मध्ये 'कोहरा'. 'कोहरा'तला अमरपाल गरुंडी हा पंजाबातला पोलीस. तोंडात शिवी, हात उगारायला तयार, घरी भावजयीशी गुंतलेला. काहींना तो पाहवला नाही. काहींनी लिहिलं की दिवाळीच्या रात्रीचं ते गिळणं इथेही आहे, फक्त आता त्यात प्रेम नाही, शरम आहे. मी हे वाचलं आणि 'कोहरा' पुन्हा लावली.

या सगळ्या लिखाणाचं पुढे काय होणार, ही चिंता मात्र मला आहे, आणि ती फार कुणाला नाही. इंग्रजी चाहत्यांनी आपलं लेखन कुणा कंपनीच्या मर्जीवर राहू नये म्हणून २००७ मध्ये स्वतःची संस्था काढली, स्वतःचं संग्रहस्थळ उभारलं; २०१९ मध्ये त्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. आपल्या मालिकांवरचं लिखाण जाहिरातींवर चालणाऱ्या ठिकाणी पडून आहे. २०१७ मध्ये फोटोबकेटने बाहेर चित्रं दाखवायला वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या चर्चांतली चित्रं एका रात्रीत गेली. बहिणीच्या कथांखालच्या सिग्या त्यातच गेल्या. तिथे आता राखाडी चौकोन दिसतात.

सध्या तिच्या गटात जुन्या कथा उतरवून घेऊन पीडीएफ करण्याचं काम चालू आहे. त्यावरूनही दोन तट पडलेत. एकींचं म्हणणं, तेव्हाच्या शुद्धलेखनाच्या चुका आणि खुशीचं ते जास्तीचं रडणं आता दुरुस्त करून घ्यावं. दुसऱ्या म्हणतात, हात लावायचा नाही. बहीण दुसऱ्या तटात आहे, पण स्वतःच्या कथेतला चौदावा भाग तिने गुपचूप बदलला आहे. त्यात खुशीने फारच लवकर माफ केलं होतं.