लांब हात

ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयातली न्यायदेवतेची नवी मूर्ती लोकांसमोर आली. डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आले, तराजू तेवढा राहिला. कायदा आंधळा नसतो, असा त्यामागचा विचार. पुढे पाच महिने व्हायच्या आत, ३ मार्च २०२५ रोजी, त्याच न्यायालयात न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला, की केवळ दृष्टी नाही एवढ्या कारणाने कुणालाही न्यायिक सेवेच्या दाराबाहेर ठेवता येणार नाही. मध्य प्रदेशात तसा नियम होता. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि नियम मोडीत निघाला. मूर्तीला डोळे आले आणि जिवंत न्यायाधीशावरची डोळ्यांची सक्ती उठली. हा योगायोग ज्याला गमतीचा वाटत नाही, त्याने पुढचे वाचू नये.

गंमत जुनीच आहे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी दाखवणाऱ्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक १४९४ साली बाझेल शहरात छापले गेले, सेबास्टियन ब्रांटच्या 'मूर्खांचे जहाज' या पुस्तकात. त्यात तिचे डोळे बांधतो तो घुंगरांची टोपी घातलेला मूर्ख. उठसूट कज्जे करणाऱ्यांची ती टवाळी होती. पुढे तीच पट्टी निःपक्षपातीपणाची खूण ठरली. टवाळीचा सद्गुण व्हायला तिथे काही दशके लागली. अंधांच्या बाबतीत आपण टवाळी आणि आरती एकाच दमात करतो.

मार्चच्या त्या निकालावर सगळ्यात आधी भडकले ते आमचे वकीलमित्र. मोताळ्याच्या तालुका कोर्टात त्यांची हयात गेली. धुऱ्याची भांडणे, वाटणीचे दावे, पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्या, या सगळ्यांचे ते चालते-बोलते दफ्तर. "सर, तुम्हीच सांगा बरं," ते म्हणाले, "साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. घाम फुटला, नजर चुकवली, की समजायचं. आंधळ्या जजनं हे कुठून पाहायचं?" निकालाच्या विरोधात त्यांनी एक लेखही लिहिला आणि मला मुद्दाम वाचायला दिला. त्यात माझ्यासारख्या 'पुस्तकी दयावंतां'ना उद्देशून एक परिच्छेद आहे. हा लेख त्या परिच्छेदाची परतफेड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांचा मुद्दा पोकळ नाही. साक्षीदाराच्या वागण्या-दिसण्याबद्दलचा शेरा लिहून ठेवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेतच होती, कलम २८०. पण चेहरा वाचून खोटे पकडता येते, ही समजूत तपासली गेली आहे. २००६ साली बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे शेकडो प्रयोग एकत्र मांडले. खरे-खोटे ओळखण्यात माणसांचे सरासरी यश ५४ टक्के निघाले. नाणे उडवले तर ५० मिळतात. वकीलसाहेबांच्या हयातभराच्या नजरेची कमाई ती चार टक्के. त्याच मांडणीतली दुसरी गोष्ट त्यांना अधिक झोंबेल. नुसते दिसणारे खोटे ओळखण्यापेक्षा ऐकू येणारे खोटे ओळखणे माणसांना बरे जमते. मग पिंजऱ्यातल्या माणसाची अडखळ, ओढलेला श्वास, पढवलेल्या वाक्याची घडी, हे ज्याला चेहऱ्याच्या गोंगाटाशिवाय ऐकू येते तो न्यायाधीश कुठे कमी पडला?

अठराव्या शतकात लंडनच्या बो स्ट्रीटवर जॉन फील्डिंग हा अंध दंडाधिकारी होता. तीन हजार गुन्हेगारांना तो आवाजावरून ओळखे, अशी त्याची ख्याती. दंतकथा म्हणून ती सोडून द्या. झॅक याकूब यांना सोडता येत नाही. डरबनच्या भारतीय वंशाच्या कुटुंबातले, लहानपणीच दृष्टी गेलेले हे वकील १९९८ ते २०१३ दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाचे न्यायाधीश होते. यावर वकीलसाहेब म्हणतील, तिथे साक्षीदार येत नाहीत, कागद येतात. बरोबर. आणि आपल्या उच्च न्यायालयात अपील चालते तेव्हा तरी काय येते? ज्याला फाशी कायम करायची त्याच्या साक्षीदारांचे चेहरे ती कायम करणाऱ्यांनी कधी पाहिलेले नसतात. खालच्या कोर्टाने साक्षीदार पाहिला होता म्हणून त्याच्या मताचा मान राखावा असे ते म्हणतात खरे. पण पटले नाही की निकाल फिरवतात, तोही कागदावरून. जितके वरचे न्यायालय तितके साक्षीदारापासून दूर, आणि तितकाच त्याचा शब्द शेवटचा.

तेव्हा घामाचा मुद्दा हा खरा मुद्दा नव्हे. खरा जुना आहे. मनूने नवव्या अध्यायात वारशातून वगळलेल्यांत जन्मांधाला बसवले. त्याला पोटापुरते द्यावे, वाटा देऊ नये. धृतराष्ट्र थोरला असून गादी पांडूला गेली ती याच न्यायाने. त्याच्या अंधत्वावर आपण आजही म्हणी रचतो, पण द्यूतसभेत काय चालले आहे ते त्याला अक्षर न् अक्षर ऐकू येत होते. 'जिंकले का' असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याचा दोष डोळ्यांत नव्हता आणि त्याच सभेत डोळे शाबूत असलेले भीष्म-द्रोण काही वेगळे करत नव्हते. मनूची ती तरतूद आपल्या कायद्यातून निघायला १९२८ साल उजाडावे लागले, तेही दायभाग ही वारसापद्धत मानणारा बंगाल वगळून. २०१९मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच दिवाणी न्यायाधीशाला ५० टक्क्यांपर्यंतचे अंधत्व चालेल, त्यापुढचे नाही, असा नियम मान्य केला होता. पोटापुरते द्यावे, वाटा देऊ नये.

आता वकीलसाहेबांचे आवडते वाक्य: "गुलाबराव महाराजांसारखा एखादाच." इथे मला थांबायलाच हवे, कारण या एका माणसावर वऱ्हाडात जितका अन्याय भक्तीतून झाला तितका निंदेतून झाला नसता. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत जन्म, मोहोडांचे कुणबी घर, वर्षाच्या आत दृष्टी गेली, माधानला वास्तव्य, १९१५ साली पुण्यात देह ठेवला. उणीपुरी चौतीस वर्षे. त्यात शंभराहून अधिक ग्रंथ आणि प्रकरणे, मराठी, हिंदी, संस्कृतात. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणारा हा माणूस डार्विन आणि स्पेन्सरशीही वाद घालत होता. हे सगळे सांगून झाले की कीर्तनकार हात जोडतो आणि म्हणतो, चर्मचक्षू नव्हते, प्रज्ञाचक्षू होते. लोक मान हलवतात. विषय संपतो.

माझा विषय तिथे सुरू होतो. स्पेन्सर अंतर्दृष्टीने दिसत नाही, कुणीतरी तो वाचून दाखवावा लागतो. महाराजांभोवती वाचणारे होते, लिहून घेणारे होते. पोथ्या-पुस्तके जमवली जात, वाचली जात, पुन्हा वाचली जात. त्यांनी स्वतः एक सांकेतिक भाषा रचली, नावंग. ज्याला लिपी मिळाली नाही तो संकेत रचतो. एका खेड्यातल्या माणसांनी आपले डोळे आळीपाळीने एका बुद्धीला दिले आणि त्या बुद्धीने त्यांचे काय केले ते आपल्यासमोर आहे. मी यात चमत्कार कमी करत नाही, त्याची जागा सांगतो. तो कपाळाच्या आत झाला तेवढाच बैठकीतही झाला. भारती ब्रेल १९५१मध्ये ठरली. ती आधी असती तर महाराजांनी ती बोटांखाली घेतली असती, आणि त्यांचे वाचक निम्म्या वेळात मोकळे झाले असते. 'एखादाच' म्हणण्याची सोय अशी, की एखाद्यासाठी ग्रंथालय उभारावे लागत नाही. समाधी पुरते.

इथवर मी जिंकलो असे समजून लेख संपवता आला असता. पण दुसऱ्या बाजूने एक तरुण प्राध्यापिका आल्या. त्या मला आपला माणूस समजून म्हणाल्या, "सर, अर्ध्यावर का थांबता? अंधत्व ही उणीव नाहीच. नुसतं वेगळेपण आहे." त्यांच्या हातात तत्त्वज्ञ एलिझाबेथ बार्न्स यांचे २०१६ सालचे पुस्तक होते. बार्न्स यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: अपंगत्वाने माणसाचे आयुष्य आपोआप वाईट होत नाही, जे वाईट होते त्यातले बरेचसे समाज करतो, आणि अपंग माणसे स्वतः आयुष्याबद्दल चांगले सांगतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास न ठेवणे हा उद्धटपणा आहे. शेवटचे मला पूर्ण मान्य. पण विश्वास ठेवायचा तर एका माणसाची दोन्ही वाक्ये ऐकावी लागतात.

तो माणूस म्हणजे प्यूझो गावचा जन्मांध, फ्रेंच विचारवंत दिदेरोने १७४९च्या आपल्या 'अंधांविषयीच्या पत्रा'त अजरामर केलेला. (त्या पत्रानंतर दिदेरो व्हँसेनच्या तुरुंगात गेला. डोळ्यांवाचून देव दिसतो का, असा प्रश्न त्यात होता.) हा माणूस रात्री काम करी, कारण तेव्हा निजानीज असते. उठावाची अक्षरे वापरून त्याने आपल्या डोळस मुलाला वाचायला शिकवले. तुला डोळे मिळाले तर आवडेल का, असे विचारल्यावर तो म्हणाला, की कुतूहल सोडले तर मला लांब हात मिळालेले जास्त आवडतील; चंद्रावर काय चालले आहे ते तुमच्या दुर्बिणींपेक्षा माझे हात नीट सांगतील. नसलेले इंद्रिय देण्यापेक्षा असलेले सुधारून द्या. अपंग हक्कांची सगळी चळवळ या एका मागणीत मावते. प्राध्यापिकाबाई खूश झाल्या.

पण तोच माणूस एकदा मारामारीत सापडला. आवाजाच्या रोखाने हाताला लागली ती वस्तू फेकून त्याने भावाच्या कपाळावर मारली आणि त्याला आडवा केला. पोलीस अधिकाऱ्यापुढे नेल्यावर त्याला अंधारकोठडीची धमकी मिळाली, तेव्हा त्याचे उत्तर होते, की तिथे तर मी पंचवीस वर्षे आहेच. डोळे नकोत म्हणणारा आणि आपण कोठडीत आहोत म्हणणारा, एकच माणूस. यातले कुठले वाक्य खरे? मला वाटते, दोन्ही, आणि ती वेगवेगळ्या माणसांना उद्देशून आहेत. जो विचारतो, तुला आमच्यासारखे व्हायचे का, त्याला उत्तर लांब हात. जो कोठडी दाखवून धाक घालतो, त्याला उत्तर कोठडीच. अंधत्वाची किंमत कोण विचारतो आहे त्यावर बदलते. बार्न्स यांना पहिले वाक्य पुरते, वकीलसाहेबांना दुसरे.

मला दोन्ही लागतात, कारण मला काचबिंदू आहे. रोज रात्री थेंब घालतो. गेलेले परत येत नाही, उरलेले धरून ठेवायचे, एवढाच या दुखण्याचा करार. कडेकडेने जग कमी होत जाते. राजूर घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आता नुसते दिवे राहिलेले नाहीत. हे वेगळेपण आहे, असे मला कुणी सांगितले तर मी त्यांना थेंबांची बाटली दाखवीन. बार्न्स यांच्याकडे याला उत्तर आहे: संक्रमणाचा त्रास वेगळा, अंध असणे वेगळे. पण आमच्याकडे बहुतेकांचे अंधत्व हे संक्रमणच असते. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघाले. म्हातारपणी आलेले, आणि एका साध्या शस्त्रक्रियेने जाणारे. उरलेल्यांत पऱ्हाटीचे टोक किंवा सोयाबीन काढताना उडालेले कुटार बुबुळाला लागून आलेले फूल असते. बुरशी लागलेल्या डोळ्यात औषध दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले की उरलीसुरली आशा जाते. अशा माणसाला जन्मांधाचे तत्त्वज्ञान ऐकवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा देणे.

सरकारचे तत्त्वज्ञान तर याहून सुटसुटीत. २०१७मध्ये अंधत्वाची व्याख्या ६/६० वरून ३/६० वर आली. जगाच्या मापाशी जुळवून घेतले, तक्रार नाही. पण निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे जे अक्षर सहा मीटरवरून दिसत नव्हते, ते तीन मीटरवरून दिसले की त्या दिवसापासून आजोबा कागदावर डोळस झाले. त्यानंतर आलेल्या त्याच पाहणीच्या निष्कर्षांत अंधत्व १ टक्क्यावरून ०.३६ टक्क्यावर आल्याचे जाहीर झाले. त्यात शस्त्रक्रिया किती आणि फूटपट्टी किती, हे वेगळे मांडल्याशिवाय त्या घसरणीचा जल्लोष करू नये.

म्हणून माझे म्हणणे आता असे आहे, आणि ते लेखाच्या सुरुवातीपेक्षा वेगळे आहे. दृष्टी जाते तेव्हा निसर्ग काही नेतो. ते खरे असते, ते वाचवण्यासाठी थेंब, लेन्स, नेत्रदान सगळे करावे, आणि त्याला वेगळेपण म्हणून गोड करू नये. पण त्याच्यासोबत आणखी बरेच जाते, जे निसर्गाने नेलेले नसते, आणि ते आपण बिनबोभाट निसर्गाच्या खात्यावर टाकतो. वारसा मनूने नेला होता. न्यायाधीशाची खुर्ची मध्य प्रदेशच्या नियमाने नेली. हिशेब वेगळे ठेवले की वकीलसाहेब आणि प्राध्यापिकाबाई दोघांचीही अडचण होते, कारण दोघांनाही एकच खाते हवे आहे. एकाला सगळे नावे टाकायला, दुसरीला सगळे जमा करायला.

मग तालुक्याच्या कोर्टात अंध न्यायाधीशाला अडवील काय? साक्षीदाराचा चेहरा नाही. अडवील पंचनामा. कार्बन घालून, घाईघाईत, अर्ध्या खुणांनी लिहिलेला हाती पंचनामा कुठल्याही स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. टंकलेला असला तरी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात असेल तर यंत्र मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचून दाखवते. अक्षरे ओळखून न घेता नुसता स्कॅन करून चढवलेला कागद यंत्राच्या लेखी कोराच असतो. धुऱ्याच्या दाव्यातला हातनकाशा आणि जमीन मोजणीची 'क' प्रत हा कठीण भाग आहे, ते मी मान्य करतो; तिथे न्यायाधीशाला वाचून सांगणारा मदतनीस लागेल, जसा डोळस न्यायाधीशाला रक्ताचे डाग वाचून सांगणारा रासायनिक विश्लेषक लागतो आणि सही वाचून सांगणारा हस्ताक्षरतज्ज्ञ. स्वतःच्या डोळ्यांनी सगळे पाहणारा न्यायाधीश कुठल्याच कोर्टात बसलेला नाही.

आणि तो पंचनामा आज तरी कोण वाचते? ज्याच्या वावराचा तो आहे तो नव्हे. त्याला मोतीबिंदू आहे, किंवा चौथीनंतर शाळा सुटली, किंवा ते अक्षरच लागत नाही. तो अर्जनवीसाकडे जातो, पैसे देतो आणि आपल्याच जमिनीविषयी दुसऱ्याने सांगितलेल्यावर अंगठा करतो. अंध न्यायाधीशाला वाचता येईल असे दफ्तर ज्या दिवशी मोताळ्यात तयार होईल, त्या दिवशी तेच दफ्तर या माणसाला त्याच्या नातवाच्या फोनवर ऐकता येईल. तेव्हा अंध उमेदवार न्यायाधीश व्हायला लायक आहे का, याची चौकशी नंतर करू. आधी आपले कागद वाचले जाण्याच्या लायकीचे आहेत का ते पाहू. वकीलसाहेबांनी त्यांचा लेख मला हाताने लिहून दिला होता. त्यातली दोन पाने मला लागली नाहीत. त्याला काचबिंदू कारण नव्हता.