माराचे पाणी आणि शेताचा बांध

शास्त्रपाठ : निर्गम १५:२२-२७, यहेज्केल ३४:१७-१९



रानात तीन दिवस चालून इस्राएल लोकांना पाणी मिळाले ते मारा येथे, आणि तेही कडू. लोक मोशेविरुद्ध कुरकुर करू लागले. परमेश्वराने त्याला एक झाड दाखविले. ते पाण्यात टाकताच पाणी गोड झाले. ते झाड कोणते यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. शास्त्र नाव सांगत नाही, तेव्हा आपणही तो शोध सोडून द्यावा. लक्षात घ्यावयाचे ते हे, की एलीमचे बारा झरे पुढे होते, तरी देवाने आधी बिघडलेले तेच पाणी सुधारले, आणि त्यासाठी जवळचीच वस्तू घेतली.

हा पाठ वाचताना भोपाळच्या आम्हा लोकांना मोठा तलाव आठवतो. अकराव्या शतकात राजा भोजाने तो बांधविला असे परंपरा सांगते. २००२ साली छोट्या तलावासह त्याची रामसर यादीत नोंद झाली. शहरातील कितीतरी घरांत त्याचेच पाणी येते. पण ज्या सुमारे ३६१ चौरस किलोमीटर भूमीचे पाणी त्यात उतरते, तिच्यात मोठा भाग शेतीचा आहे : पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. युरिया व डीएपी टाकल्यावर जोराची सर आली, की खत नाल्याने कोलांस नदीत आणि नदीने तलावात जाते. त्यावर शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू सरतो व मासे मरतात. फवारणीच्या औषधांविषयी या शहराला अधिक सांगावयास नको. १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायू सुटला तो कीटकनाशकांच्याच कारखान्यातून.

यहेज्केलाच्या द्वारे देव आपल्या कळपाला विचारतो, की स्वच्छ पाणी पिऊन झाल्यावर उरलेले पायांनी का गढूळ करता? ते तर दुसऱ्यांना प्यावयाचे असते. शेतकरी काही दुष्टाव्याने युरिया टाकीत नाही; कर्ज फेडावयाचे असते, पीक हवे असते. तरी नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारा त्याचा शेजारीच आहे.

उपाय महाग नाहीत. फॉस्फेट बहुधा मातीच्या कणांना चिकटून येते. बांधावर वाळा किंवा दाट गवताचा पट्टा असला तर गाळ तेथेच अडतो. भाजलेल्या अंड्याच्या टरफलांच्या पुडीतील चुना पाण्यात विरघळलेले फॉस्फेटही धरतो. नायट्रेट मात्र असे अडत नाही. त्यासाठी चरात लाकडाचे तुकडे भरून पाणी त्यांतून हळूहळू जाऊ देतात; लाकडावर जगणारे सूक्ष्म जंतू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. कोळसा काही औषधे शोषून घेतो. कोळंबीच्या कवचापासून केलेले कायटोसान गढूळपणा खाली बसविते. अडलेला गाळ पुन्हा शेतात टाकला की नाल्यात जाणारे खत पिकाच्या कामी येते. हे सर्व शेताच्या कडेलाच करावे. तलाव भरल्यावर त्यात पूड टाकून काही साधत नाही. आणि नैसर्गिक म्हणून सर्वच शुद्ध असे कोणी समजू नये. नाल्यात वाहून गेलेले शेणही पाणी नासविते. खत बेताने, पाऊस पाहून टाकणे हे पहिले काम. गाळणे त्याच्या मागून.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मत्तय २३:२५ शिकविताना लिटरभर गढूळ पाण्यात मूठभर मीठ विरघळवा. शेवग्याच्या एकदोन सुक्या बिया सोलून, कुटून त्यात घाला, थोडा वेळ ढवळा आणि तासदोन तास ठेवा. माती खाली बसेल, पाणी निवळेल. हे पाणी प्यावयाचे नाही. वरचे निवळ पाणी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर आटवा. चमच्यात मीठ उरलेले मुलांना दिसेल. नायट्रेटही असेच डोळ्यांना न दिसता पाण्यात राहते, हे त्यांना सांगा, आणि मग त्यांना काय विचारावयाचे असेल ते विचारू द्या.