शकुंतलेचा प्रश्न : अनुराग, साक्ष आणि गृहस्थधर्म

तारुण्यातील प्रेम आणि प्रौढ आयुष्यातील कर्तव्ये यांचे नाते काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने काम आणि धर्म या दोन पुरुषार्थांच्या, म्हणजे माणसाने साधावयाच्या दोन उद्दिष्टांच्या, परस्परसंबंधाचा प्रश्न म्हणून हाताळला आहे. काम म्हणजे देहामनाची सुखेच्छा, आणि धर्म म्हणजे ज्यांच्या आधारावर घर, समाज व पितरांची परंपरा टिकून राहते ती कर्तव्ये. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात धर्माशी विरोध नसलेला काम हे ईश्वराचेच रूप मानले आहे, त्यामुळे प्रेमाला सरसकट पाप ठरवून प्रश्न निकालात काढण्याची वाट या परंपरेत बंद झाली. मात्र एखादे प्रेम धर्माशी विरोधी आहे की नाही हे ते जडते त्या वेळी कळत नाही; दारात पाहुणा येतो, पोटात मूल वाढू लागते, लोक बोलू लागतात, तेव्हा ते कळते. उशिरा होणाऱ्या या परीक्षेचा विचार शकुंतलेच्या कथेत जितक्या खोलवर झाला आहे तितका क्वचितच कोठे झाला असेल, आणि ही कथा महाभारताच्या आदिपर्वात व कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकात अशी दोन ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने आलेली असल्यामुळे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी ठेवून पारखता येतात.

दोन्ही ठिकाणी लग्न गांधर्व पद्धतीने होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांपैकी वधूवरांनी एकमेकांच्या इच्छेने केलेला, वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून झालेला विवाह तो गांधर्व, आणि क्षत्रियांना तो मान्य आहे. अशा विवाहाला अग्नी लागत नाही, पुरोहित लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी गांधर्व विवाहानंतरही होम व सप्तपदी करावी असा आग्रह धरला, त्याचे कारण उघड आहे: ज्या वचनाला दोन मनांबाहेर कसलाच आधार नाही, ते एका मनाने नाकारले की दुसऱ्याच्या हातात काही उरत नाही. शिवाय नाकारणे दोघांना सारखेच सोपे नसते. पुरुष उठून आपल्या राजधानीला परत जाऊ शकतो. गर्भ धारण केलेल्या स्त्रीला तशी परतीची वाट नसते.

आदिपर्वातील शकुंतला हे सारे ओळखून आहे. कण्व ऋषी फळे आणण्यास गेले असताना आश्रमात आलेला दुष्यंत लग्नाची घाई करतो, तेव्हा ती आधी आपली अट घालते, की तिच्या पोटी जन्मणारा मुलगाच युवराज व्हावा. राजा मागचापुढचा विचार न करता होकार देतो, तिला नेण्यासाठी चतुरंग सैन्य पाठवण्याचे वचन देतो आणि निघून जातो. सैन्य येत नाही. मुलगा जन्मतो, सहा वर्षांचा होतो, आश्रमातील हिंस्र पशूंना बांधून ठेवण्याइतका दांडगा होतो म्हणून सर्वदमन या नावाने ओळखला जातो, आणि मग शकुंतला त्याला घेऊन राजसभेत उभी राहते. येथे व्यासांनी जे केले आहे ते विलक्षण कठोर आहे: दुष्यंताला सर्व आठवते, आणि तरीही तो भर सभेत काही आठवत नाही असे सांगतो. एवढ्यावर न थांबता तो तिच्या आईचा, मेनकेचा, अपमान करतो आणि स्त्रिया खोटेच बोलतात असा टोमणा मारतो.

त्यावर शकुंतलेने केलेले दीर्घ भाषण हे प्रेम आणि जबाबदारी यांविषयीचे भारतीय वाङ्मयातील अत्यंत महत्त्वाचे प्रतिपादन म्हणावे लागेल. आपले कृत्य कोणी पाहिले नाही असे मानणारा माणूस हृदयात वसणाऱ्या पुरातन साक्षीला विसरतो, आणि सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, पृथ्वी, जल, दिवस व रात्र हे सगळे माणसाचे वर्तन जाणतात, असा तिचा मुख्य मुद्दा आहे. गांधर्व विवाहाला साक्षीदार नसतो या आक्षेपाचे हे थेट उत्तर आहे. तिच्या मते संमती दिली त्या क्षणीच साक्षही निर्माण झाली, आणि जबाबदारी ही मागाहून बाहेरून येऊन प्रेमावर लादली जाणारी वस्तू नसून त्या संमतीच्याच पोटात होती. पुढे ती पत्नी हे पुरुषाचे अर्धे अंग असल्याचे सांगते, धुळीने माखलेले पोर धावत येऊन बापाच्या अंगाला बिलगते त्या स्पर्शाची थोरवी सांगते, आणि अखेरीस हजार अश्वमेधांपेक्षाही सत्य भारी भरते असे बजावून, राजाने स्वीकारले नाही तरी आपला मुलगा पृथ्वीचे राज्य करील या विश्वासाने निघू लागते. तिच्या बोलण्यात आर्जव आहे, पण दयेची याचना नाही.

त्यानंतर आकाशवाणी होते आणि दुष्यंत तिचा व मुलाचा स्वीकार करतो. आपल्याला सत्य ठाऊक होतेच, परंतु नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती, असे तो सांगतो. राजाला लोकापवाद सांभाळावा लागतो हे खरे. प्रौढ माणसाच्या कर्तव्यांत ते येतेच. तथापि एका निरपराध स्त्रीला सभेत खोटी ठरवून जी प्रतिष्ठा राखली जाते, तिला धर्म म्हणता येत नाही, आणि तिने रागाने काढलेल्या शब्दांची क्षमा आपणच तिला करतो हे राजाचे औदार्य वाचताना मन खट्टू झाल्यावाचून राहत नाही.

कालिदासाने नेमका हा भाग बदलला. त्याच्या नाटकात दुष्यंत मुद्दाम खोटे बोलत नाही. दुर्वासाच्या शापामुळे त्याची स्मृती गेलेली असते. चौथ्या अंकाच्या आरंभी पतीच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला दारात आलेल्या दुर्वासाची हाक ऐकू येत नाही, आणि ज्याच्या चिंतनात ती आपल्याला विसरली तो तिला विसरेल असा शाप तो देतो. फुले वेचणाऱ्या अनसूया व प्रियंवदा हे ऐकतात. प्रियंवदा ऋषीच्या पाया पडून ओळखीचा दागिना दाखवल्यावर शाप संपेल असा उःशाप मिळवते. आणि नाजूक मनाच्या सखीला यातले काही कळू द्यायचे नाही असे दोघी ठरवतात.

या शापाचा धर्मशास्त्रीय आशय लक्षात घेतला पाहिजे. गृहस्थाने रोज करावयाच्या पाच महायज्ञांत नृयज्ञ हा एक आहे, आणि नृयज्ञ म्हणजे अतिथीचे पूजन. सोमतीर्थाला जाताना कण्वांनी अतिथिसत्काराचे काम शकुंतलेकडेच सोपवले होते, हे पहिल्या अंकात आश्रमवासी राजाला सांगतो. म्हणजे मनाने गृहिणी झालेली ही मुलगी गृहिणीच्या पहिल्याच कर्तव्यात चुकते. प्रेम दोघांभोवती असे कुंपण घालते की तिसऱ्याची हाकही आत पोचत नाही, हा कालिदासाचा विचार खोल आहे यात शंका नाही. घर चालवणे म्हणजे पुष्कळ अंशी तिसऱ्यासाठी, म्हणजे पाहुण्यासाठी, म्हाताऱ्यांसाठी, मुलांसाठी, कान उघडे ठेवणेच असते. परंतु शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी आहे, आणि ती भोगावी लागते ती बहुतांशी तिलाच. विरहात हरवलेल्या एका तरुण मुलीचे क्षणभराचे दुर्लक्ष आणि राजाने सभेत दिलेला नकार यांना एका पारड्यात घालता येणार नाही.

कालिदासाला हे कळत नव्हते असे मात्र नव्हे, कारण शाप येण्यापूर्वीच त्याने दुष्यंताच्या उणिवा नोंदवून ठेवल्या आहेत. दुसऱ्या अंकात एकीकडे राक्षसांपासून यज्ञ वाचवण्यासाठी ऋषींची विनंती आणि दुसरीकडे व्रताच्या पारण्यासाठी आईचा निरोप असे दुहेरी संकट राजापुढे उभे राहते. तो आईकडे आपल्याऐवजी माधव्य या विदूषकाला पाठवतो, आणि तो अंतःपुरात काही बोलेल या भीतीने शकुंतलेची गोष्ट ही निव्वळ थट्टा होती असे त्याला सांगून टाकतो. एकुलता एक मित्र साक्षीदार होऊ शकला असता, पण त्याचे तोंड राजाने स्वतःच बंद केले. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला पडद्यामागून येणारे हंसपदिका राणीचे गाणेही तीच गोष्ट सुचवते, की या राजाने एकदा प्रेम करून विसरलेली स्त्री शकुंतला ही पहिली नाही. शापाने राजाला दोषमुक्त केले असे टीकाकार म्हणतात ते अर्धेच खरे आहे. शापाने त्याच्या विस्मृतीला कारण दिले, पण त्या विस्मृतीची जमीन तयार होतीच.

सहाव्या अंकातील एक प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे. ओळखीचा तो दागिना, म्हणजे राजाने शकुंतलेला दिलेली आणि तिच्याकडून हरवलेली अंगठी, सापडून स्मृती परत आल्यावर शोकात बुडालेल्या राजापुढे अमात्याकडून एक प्रकरण येते: धनमित्र नावाचा समुद्रमार्गे व्यापार करणारा श्रेष्ठी जहाज बुडून निपुत्रिक मेला आहे आणि नियमाप्रमाणे त्याचे धन राजाकडे जाणार आहे. राजा चौकशी करतो की एवढ्या श्रीमंत माणसाला अनेक बायका असतील, त्यांपैकी कोणी गरोदर आहे का; एक आहे असे कळताच पित्याच्या धनावर गर्भाचा हक्क आहे असा निर्णय तो देतो. स्वतःच्या गर्भवती पत्नीला दारातून परत पाठवलेला माणूस परक्या स्त्रीच्या गर्भाचा हक्क मान्य करतो, आणि लगेच आपल्यामागे पितरांना पिंड कोण देणार या विचाराने मूर्च्छित पडतो. येथे प्रेमाचे दुःख आणि राज्याचे कर्तव्य यांचा झगडा नाही. वैयक्तिक दुःखामुळेच राजाला न्याय दिसू लागला आहे, आणि जबाबदारीने प्रेमाची परीक्षा घेण्याऐवजी प्रेमाच्या पश्चात्तापाने जबाबदारीला डोळे दिले आहेत.

रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘प्राचीन साहित्य’ (१९०७) या ग्रंथातील शकुंतलेवरील निबंधात नाटकातील पहिल्या व शेवटच्या मीलनातील अंतर तपश्चर्येने कापले गेले आहे असा अर्थ लावला, आणि त्या वाचनाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. त्याला एक जोड मात्र द्यावी लागते. मारीच ऋषींच्या आश्रमात मळकट वस्त्रे नेसून, केसांची एकच वेणी घालून, व्रताने कृश झालेली शकुंतला वर्षानुवर्षे राहिली. राजाचा पश्चात्ताप त्या मानाने अलीकडचा आहे. भेटीच्या वेळी तो तिच्या पाया पडतो हे कालिदासाने उगीच लिहिलेले नाही. आणि त्यानंतर तो अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो तेव्हा तिच्यावर आपला विश्वास नाही, ती त्यानेच वापरावी, असे शकुंतला सांगते. वस्तूच्या साक्षीने टिकणारे नाते तिला आता नको आहे. आदिपर्वातील शकुंतलेने ज्या अंतःसाक्षीचा उच्चार सभेत केला, तिच्याशी कालिदासाची शकुंतला येथे, एवढ्या दुःखानंतर, येऊन मिळते.

आजच्या कायद्याने बाहेरच्या साक्षीची व्यवस्था पुरेशी केली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये स्वेच्छेने लग्न करणाऱ्या जोडप्याला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदारांसमोर सही करावी लागते. एकट्या पडलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही प्रगती मोठी आहे आणि तिला कमी लेखता येणार नाही. तरीही झालेले वचन पाळण्याची इच्छा कोणत्याही निबंधकाच्या कार्यालयात नोंदता येत नाही, आणि शकुंतलेचा प्रश्न त्या इच्छेविषयीचा होता.

मराठी रसिकाला शकुंतला भेटली ती प्रामुख्याने रंगभूमीवर. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग केला तेव्हा आरंभी पहिले चार अंकच सादर झाले होते, म्हणजे प्रेम, शाप आणि सासरी पाठवणी एवढाच भाग. पाठवणीचे ते दुःख मराठी मनात इतके रुजले की पाचव्या अंकातील नकार आणि आदिपर्वातील सभा यांच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वि. सी. सुखटणकरांनी संपादित केलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९३३ साली पूर्ण केली, आणि सभेतील ते भाषण तिच्यात विस्ताराने आहे. ज्यांना कण्वाच्या आश्रमातील निरोप पाठ आहे त्यांनी आता ते भाषण वाचावे, आणि प्रेमविवाहाचा वाद घरात निघेल तेव्हा मुलीला संयम शिकवण्याआधी मुलाला ते वाचायला द्यावे.