वारसांची यादी ही शहादत आहे

घरातील कर्ता माणूस अल्लाहला प्यारा होतो, दफनविधी आटोपतो आणि काही दिवसांतच तलाठ्याकडे द्यावयाचा वारस नोंदीचा अर्ज समोर येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार ही वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे व नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र लागते. त्यावरून गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते आणि पुढे सातबारावर नावे चढतात.

या प्रतिज्ञापत्राला आपण सरकारी कागद समजतो. शरीअतच्या दृष्टीने ती शहादत आहे. साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध जात असली तरी ती अल्लाहसाठी खरीच द्यावी, असा सूरह निसाच्या १३५ व्या आयतीचा आदेश आहे. तीन बहिणी हयात असताना ‘याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत’ या वाक्याखाली सही करणारा भाऊ कोणती साक्ष देतो, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

आमच्या माळशिरस तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे. जमिनीचा भाव वाढला की वारसांची यादी आखूड होते, हे कटू असले तरी खरे आहे. ‘बहिणींना लग्नात दिले’ असे सांगितले जाते. लग्नात दिले ती भेट. वारसाहक्क मृत्यूनंतर निर्माण होतो. काही सुशिक्षित मंडळी १९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, याकडे बोट दाखवतात. तसे शब्द कलम २ मध्ये आहेत आणि त्यांचा अर्थ न्यायालये लावतील. परंतु सूरह निसाच्या सातव्या आयतीने मागे राहिलेल्या मालमत्तेत, थोडी असो वा फार, पुरुषांसह स्त्रियांचाही वाटा ठरविला आहे. तेथे शेत आणि घर असा भेद नाही.

उहुदच्या लढाईत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. वारसाहक्काची आयत अवतरली आणि प्रेषितांनी (स.) त्याच भावाला बोलावून मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश देण्यास सांगितले, उरले ते त्याचे.

हक्कसोडपत्राबद्दल पुष्कळजण विचारतात. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तिला कोण अडवणार? परंतु माहेर तुटेल या धाकाने केलेली सही राजीखुशीची नव्हे. आधी तिचे नाव लागू द्या, वाटा किती ते तिला सांगा, मग तिला ठरवू द्या.

हिशेब अवघड नाही. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली असतील, मयताचे आईवडील हयात नसतील आणि जमीन ३२ गुंठे असेल, तर पत्नीला ४, मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७ गुंठे येतात. अर्थात वाटणीपूर्वी कर्ज फेडावे आणि मर्यादेतील वसीयत पूर्ण करावी. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे; तो तिच्या आठव्या हिश्श्यात धरू नये.