कडूपणाचे मूळ

शास्त्रपाठ : अनुवाद २९:१८, इब्री १२:१४-१५



घाणेरीचे झुडूप आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. कोणी तिला टणटणी म्हणतात. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले, खरखरीत पाने, चुरगळली की उग्र वास. ही मूळची येथली नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील हे झुडूप १९व्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणले गेले. पाखरांनी फळे खाल्ली, बिया दूर नेल्या, आणि बागेतील शोभा रानोमाळ पसरली.

तिच्या पानांत गाईबैल, म्हशी व मेंढ्या यांच्या यकृतास बाधणारे विष आहे. तथापि हिरवे गवत असताना गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. दुष्काळात कुरण उजाड झाले, म्हणजे भुकेपोटी ती खातात. मग पित्ताचा प्रवाह अडतो, कावीळ होते, ऊन सोसवत नाही; फिकट रंगाची कातडी उन्हाने भाजून निघते आणि जनावर सावली शोधीत राहते. रवंथ थांबते. पोटाची हालचाल मंदावल्यामुळे खाल्लेला पाला आतच साचतो व त्यातील विष रक्तात उतरत राहते. अशा जनावराला झुडपापासून दूर नेले, तरी झुडूप त्याच्या पोटात असतेच.

देवापासून फिरणाऱ्या अंतःकरणाविषयी इस्राएलास सावध करताना मोशेने विषारी व कडू फळ देणाऱ्या मुळाचीच उपमा योजली. तेथील ‘रोश’ हा इब्री शब्द विषारी वनस्पतीचा वाचक आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्याच्यासाठी ‘खोले’, म्हणजे पित्त, हा शब्द घेतला. इब्री लोकांस पत्र लिहिणारा हीच उपमा मंडळीपुढे ठेवतो. सर्वांबरोबर शांतीने राहण्याचा यत्न करा, असे तो प्रथम सांगतो. मग देवाच्या कृपेला कोणी अंतरू नये म्हणून जपण्यास सांगतो. आणि त्यानंतर त्या मुळाविषयी बोलतो, ज्याच्यामुळे पुष्कळ जण विटाळतात. हा क्रम ध्यानात घ्यावा. मूळ म्हणजे केवळ रुसवा नव्हे, तर कृपेपासून फिरलेले मन. परंतु ज्याला क्षमा मिळाली त्याने रुसवा जपणे, हे कृपेपासून फिरणे नव्हे तर काय?

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी भाषांतराच्या एका बैठकीत एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी माझा मसुदा सर्वांसमक्ष बाजूस सारला. मी गप्प राहिलो, आणि त्या शांतपणाला मी सहनशीलता म्हणत गेलो. प्रार्थना उरकण्यापुरती उरली, वचन केवळ कामासाठी वाचले जाऊ लागले. अशा कोरड्या दिवसांत मी तो अपमान पुनःपुन्हा चघळीत असे. जेथे ते असत तेथे जाणे मी टाळू लागलो. अखेर धीर करून त्यांच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता. त्यांनी माझा हात धरला व प्रार्थना केली. विष इतकी वर्षे माझ्याच पोटात होते.

घाणेरी वरवर छाटली तर पुन्हा फुटते. ती काढणारे जमिनीखाली तिचे मूळ तोडतात, झुडूप उपटून उलटे ठेवतात आणि मोकळ्या झालेल्या जागी गवत लावतात. कारण जमीन रिकामी राहिली की घाणेरी परत येते. क्षमेचेही असेच आहे. “माझ्या मनात काही नाही,” असे म्हणणे ही छाटणी होय. मूळ तुटते ते वधस्तंभापाशी, आणि पुष्कळदा त्या भावाच्या दारात. नंतर त्या जागी वचन, प्रार्थना व प्रभुभोजनाची संगती रुजवावी लागते.

पाळकांनो व वडीलजनांनो, एखादे मेंढरू कडूपणा चरताना दिसले, तर त्याला दटावण्यापूर्वी कुरणाकडे पाहा. तेथे गवत उरले आहे काय? आणि वाचकहो, पुढील प्रभुभोजनापूर्वी ज्याच्या दारी जावयाचे आहे, त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. उत्तम मेंढपाळ आपणांस हिरव्या कुरणात नेवो. आमेन.